टेलोमिअर मोजा, पण नेमके कुणाचे?

माननीय आरोग्यमंत्री महोदय,

हे पत्र टेलोमिअरची लांबी मोजणाऱ्या रक्ताच्या एका तपासणीसाठी आहे. ‘तुमच्या पेशींचं खरं वय सांगतो’ म्हणून जी विकली जाते तिच्यासाठी नव्हे. ती उद्या बंद झाली तरी विकणाऱ्यांखेरीज कुणाचं काही बिघडणार नाही.

टेलोमिअर म्हणजे गुणसूत्रांच्या टोकांवरची संरक्षक टोपणं. ते पेशी विभागताना दर वेळी थोडे झिजतात. फार आखूड झाले की पेशीचं विभाजन थांबतं. वायुकोशांची डागडुजी करणाऱ्या ‘टाइप टू’ पेशींवर ही वेळ आली, की इजा नीट भरून येत नाही, व्रण साचत जातात आणि फुप्फुस कडक होतं; हाच फायब्रोसिस. २००७ मध्ये फुप्फुसाच्या फायब्रोसिसने ग्रासलेल्या काही कुटुंबांत टेलोमिअर पुन्हा लांबवणाऱ्या टेलोमरेज या विकराच्या जनुकांतले दोष सापडले. पुढे घरात दुसऱ्या कुणालाही हा आजार नसलेल्या अनेक रुग्णांचे टेलोमिअरही आखूड निघाले. सीओपीडी या, बहुधा सिगारेटमुळे होणाऱ्या, दीर्घकालीन श्वसनविकारातही ते सरासरीने आखूड असतात, पण तिथे ते मोजल्याने सहसा उपचार बदलत नाहीत. तिथे पैसा सिगारेट सोडवण्यावर खर्च व्हावा.

फायब्रोसिसमध्ये मात्र उपचार बदलू शकतात. प्रेडनिसोन, अ‍ॅझाथायोप्रिन आणि एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन ही औषधं एके काळी एकत्र दिली जात; त्यातली पहिली दोन प्रतिकारशक्ती दाबतात. या उपचाराने मृत्यू वाढतात, असं २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसलं. नंतरच्या विश्लेषणात कळलं, की अपाय प्रामुख्याने आखूड टेलोमिअर असलेल्यांना झाला होता. प्रतिकारशक्ती दाबणारं औषध सुरू करण्याआधी डॉक्टरांना हे माहीत असायला नको का? फुप्फुस प्रत्यारोपणातही तोच प्रश्न आहे: अशा रुग्णांची रक्तपेशी बनवणारी अस्थिमज्जा आधीच दुबळी असू शकते आणि प्रत्यारोपणानंतरची, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं तिला झेपत नाहीत.

म्हणून सरसकट तपासणी नको. फायब्रोसिसच्या ज्या रुग्णाच्या घरात हाच आजार आहे, ज्याचे केस तिशीच्या आत पिकले, ज्याच्या प्लेटलेट कमी आहेत किंवा ज्याला कारण न सापडलेला यकृताचा सिरोसिस आहे, त्याची ती सरकारी रुग्णालयात मोफत व्हावी. पद्धत फ्लो-फिश (टेलोमिअरला चमकणारा रंग जोडून पेशींतली त्यांची लांबी मोजणारी) असावी आणि निकाल वयाच्या तुलनेत दिला जावा. वयाशिवाय नुसत्या आकड्याला अर्थ नाही. दोष आनुवंशिक असेल तर पुढच्या पिढीत आजार लवकर उद्भवू शकतो. त्यामुळे अहवालासोबत समुपदेशक हवा, आणि रुग्णाच्या संमतीशिवाय तो अहवाल विमा कंपनीला मिळणार नाही असा लेखी नियमही. हा नियम तपासणी सुरू होण्याआधी निघावा, नंतर नव्हे.

आपला,
एक नागरिक