निधीबरोबर नोंदीही हव्यात

नदीसंवर्धनासाठी निधी उभारणाऱ्या लांब पल्ल्याच्या कनू होडी-प्रवासाची बातमी वाचली. उपक्रम मनापासून आवडला. मात्र या प्रवाशांनी रोज पाण्याची तपासणीही करावी. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन लिटरमागे ५ मिलिग्रॅमच्या खाली गेला की अनेक माशांना त्रास होऊ लागतो. २ च्या खाली जगणेच कठीण. ही पातळी साधारणतः पहाटे सर्वांत कमी असते, कारण रात्री पाणवनस्पती ऑक्सिजन तयार करत नाहीत, नुसता वापरतात. भर दुपारी घेतलेल्या नमुन्यात हे दिसतच नाही. नदीकाठी मुक्काम करणाऱ्या वल्हेकऱ्याला पहाटेचे पाणी हाताशी असते. हातात मावणारे मापक यंत्रही मिळते. निधीतला पहिला खर्च त्यावर व्हावा.

– एक वाचक