तळे अजून उघडलेले नाही

रेड लेक, उत्तर-पश्चिम ओंटारिओ, कॅनडा
९ मे

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार, वि. वि.

तुझे पत्र मिळून तीन आठवडे होत आले. उत्तराला उशीर झाला तो कामामुळे नव्हे. काम तर एप्रिलमध्येच संपले: पंपाचे वायसर बदलले, आउटबोर्ड मोटरींचे प्लग बदलले, डाळ-तांदळापासून बेकनपर्यंत सगळा शिधा खोक्यांत भरून, वजन करून विमानांच्या धक्क्याजवळच्या गोदामात रचून ठेवला. आता वाट पाहण्याखेरीज काही उरलेले नाही, आणि रिकामा माणूस पत्रसुद्धा उद्यावर ढकलतो, हे तुला सांगायला नको.

तू विचारले आहेस की, मासेमारीचा कॅम्प नक्की कोणत्या तारखेला उघडतो. तुमच्या हर्णैला १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी, त्यामुळे होडी कधी वर ओढून शाकारायची आणि कधी पुन्हा पाण्यात लोटायची, हे कॅलेंडरवर लिहून ठेवता येते. सरकारी तारीख इथेही आहेच: वॉलआय माशाचा हंगाम मे महिन्याच्या तिसऱ्या शनिवारी खुला होतो. पण ती तारीख तळ्याला कोणी कळवत नाही. २०२२ साली तो शनिवार २१ मे रोजी आला, तेव्हा या भागातल्या उत्तरेकडच्या कित्येक तळ्यांवर अजून बर्फच होता आणि पाहुणे गावातल्या मोटेलांत पत्ते खेळत बसले होते.

आमच्या तळ्यापर्यंत रस्ता नाही. १०५ क्रमांकाचा महामार्ग रेड लेकला येऊन संपतो. पुढे जायचे ते विमानाने. १९२६ साली सोन्यासाठी इथे झुंबड उडाली, तेव्हा माणसे कुत्र्यांच्या गाड्यांवरून आली आणि त्यांच्या पाठोपाठ विमाने आली. तेव्हापासून ही सवय गावाच्या अंगी मुरली आहे. हिवाळ्यात विमानाला स्की लावतात आणि उन्हाळ्यात पाण्यावर तरंगणारे फ्लोट. मधले काही आठवडे मात्र असे येतात की बर्फ स्की पेलण्याइतका भक्कम नसतो आणि फ्लोट टेकवायला पाणीही मोकळे नसते. आमचे सामान नेणारे बीव्हर हे १९४७ साली पहिल्यांदा उडालेल्या जातीचे विमान आहे, म्हातारे पण खणखणीत. एका खेपेला ते चार-पाचशे किलो उचलते, त्यामुळे गॅसच्या टाक्या आधी जाणार की बटाट्यांची पोती, यावर दर वर्षी आमचा वाद ठरलेला.

बर्फ कसा जातो याविषयी माझी पहिल्या वर्षीची समजूत साफ चुकीची होती. मला वाटे, तो रोज थोडाथोडा वितळत पातळ होत असेल. गावातले काही जुने लोक तर अजूनही सांगतात की तो एका रात्रीत बुडतो. पण बर्फ पाण्यापेक्षा हलका, तो बुडेल कसा? खरा प्रकार निराळाच आहे. वर पांढऱ्या हिमाचा थर असेतोवर ऊन आल्या वाटेने परत जाते आणि खालच्या बर्फाचे फारसे काही बिघडत नाही. हिम वितळले की बर्फ आधी करडा होतो, मग पाणी मुरून काळा दिसू लागतो. ऊन आत शिरते आणि स्फटिकांचे जोड उसवू लागते. शेवटी अख्खी लादी म्हणजे उभ्या कांड्यांची नुसती जुडी उरते. इथे त्याला ‘कँडल आइस’ म्हणतात, आणि तो हातभर जाड असला तरी माणसाचे वजन पेलेलच याचा भरवसा नसतो. मग एका दुपारी जोराचा वारा सुटतो आणि सकाळी जे मैदान होते तेथे संध्याकाळी लाटा असतात. काठाशी साचलेल्या त्या कांड्या एकमेकींवर आपटतात, तेव्हा कासाराची पेटी कोणीतरी हलवत असावे असा आवाज होतो. म्हणून सगळे गाव थर्मामीटर पाहत असले तरी माझे लक्ष वाऱ्याकडे असते.

रोज दुपारी मी नासाच्या टेरा उपग्रहाने टिपलेली छायाचित्रे उघडतो. ढग असले की तो दिवस वाया गेला. आज आकाश निरभ्र होते. दक्षिणेकडची तळी काळी, म्हणजे मोकळी दिसली. आमचे अजून राखाडी आहे, फक्त नदी जिथे आत येते तिथे वाहत्या पाण्याने नखाएवढा काळा ठिपका उघडला आहे.

त्या ठिपक्याने मला तिसऱ्या वर्षी चांगलाच धडा दिला. मी हट्टाने वैमानिकाला तिथेच उतरवायला लावले. उतरलो, दोन खेपांपैकी पहिले सामान काढले, विमान परत गेले आणि तासाभरात वारा फिरला. मधला सुटा बर्फ सरकत येऊन नदीचे मुख बंद झाले. शिधा दुसऱ्या खेपेत होता. माझ्याजवळ रंगाचे डबे, खिळे आणि चहा. चार दिवस मी गेल्या हंगामातल्या ओटमीलवर काढले, तेही उंदरांनी आधी चाखलेले. तिसऱ्या रात्री बर्फ काठावर चढला. एकावर एक लाद्या रेलत, करकरत माणसाच्या छातीइतका ढीग झाला आणि मी मोठ्या हौसेने शरद ऋतूत वर न ओढता तसाच ठेवलेला लाकडी धक्का त्याखाली काडेपेटीसारखा चिरडला गेला. दोष वैमानिकाचा नव्हता, तळ्याचाही नव्हता.

तेव्हापासून पाहुण्यांना मी नक्की तारीख देत नाही. ते अमेरिकेतल्या मिनेसोटा, विस्कॉन्सिनहून रात्रभर गाडी हाकत येतात आणि त्यांची घाईही रास्त आहे, कारण बर्फ सुटल्यावर पाणी सहा ते नऊ अंशांवर आले की वॉलआय अंडी घालायला नदीच्या खळाळाकडे जमतात आणि नंतरचे काही दिवस त्याच परिसरात रेंगाळतात. (हे वॉलआय नाव पाहुण्यांचे, इथले कॅनेडियन त्यालाच पिकरेल म्हणतात आणि इथले मूळ रहिवासी अनिशिनाबे लोक ओगा. तव्यावर तिघेही एकच. मी त्याला हळद-तिखट आणि रवा लावून तळतो. पाहुणे पहिल्या दिवशी संशयाने पाहतात आणि तिसऱ्या दिवशी रवा कुठे मिळतो ते विचारतात.)

काल संध्याकाळी गावाजवळच्या खाडीत लून पक्ष्यांची जोडी दिसली. हा पक्षी अंगाने जड. उडायला त्याला पाण्यावर लांबलचक धाव घ्यावी लागते, म्हणून पुरेसे मोकळे पाणी असल्याशिवाय तो उतरत नाही. माझ्यापेक्षा शहाणा म्हणायचा.

हे लिहीत असतानाच वैमानिकाचा फोन आला. उद्या सकाळी दुसऱ्या कामासाठी तो त्या बाजूने जाणार आहे आणि वरून एक फेरी मारून पाहील. रात्री वायव्येचा वारा सांगितला आहे. पहिल्या खेपेत शिधा जाईल, एवढे मात्र मी गोदामातल्या पोराला बजावून ठेवले आहे. तिकडे गेल्यावर टपाल नाही, म्हणून हे पत्र आजच टाकतो. आईंना साष्टांग नमस्कार, वहिनींना नमस्कार. यंदा होडीला नवे इंजिन बसवलेस का, ते कळव.

तुझाच