चौकोनात किती?

ग्लासगो,
25 ऑगस्ट 2025

प्रिय मध्या,

तुझ्या मार्चमधल्या पत्राला उत्तर दिलं नाही आणि मेमधल्या मेसेजला नुसता अंगठा दाखवला. शिव्या दे, पण मनातल्या मनात. वहिनी वाचत असतील. तब्येत ठीक. गुडघा आहे तसाच, बीपीची गोळी अर्धीची एक झाली. संपलं.

परवा शनिवारी जे झालं ते इथे कुणाला सांगून उपयोग नाही, म्हणून तुला लिहितोय. अनघाला सांगून पाहिलं. ती म्हणाली, "मग चष्मा बदल."

इथला उन्हाळा आपल्यासारख्या तारे बघणाऱ्यांच्या कामाचा नाही, हे तुला दरवर्षी रडून सांगतोच. सूर्य मावळतो, पण खाली म्हणून जात नाही. जूनच्या मध्यरात्रीही तो क्षितिजाखाली जेमतेम 11 अंश, आणि आपल्याला हवा तसला काळोख पडायला 18 लागतात. मेच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत रात्र म्हणजे लांबलेली तिन्हीसांज. तुमच्याकडे ढगांचा चातुर्मास, आमच्याकडे उजेडाचा. झोपायच्या खोलीला काळा पडदा लावलाय, डार्करूमसारखा. वृश्चिक नेमका याच दिवसांत दक्षिणेला येतो, तोही अर्धाच. ज्येष्ठा कशीबशी समोरच्या छपराला टेकून जाते आणि मूळ नक्षत्र तर उगवतच नाही. नांगी नसलेला विंचू! जोशीसर असते तर म्हणाले असते, तिथली माणसंही तशीच असतील. (तशीच आहेत. चावतात ती चिलटं.)

तर ऑगस्ट लागला की मी पोळ्याच्या बैलासारखा सजतो. यंदा अमावस्या शनिवारी आली. शनी अमावस्या! दुर्बिणीचा आरसा पुसला, नळी गाडीत घातली आणि गॅलोवेच्या जंगलाकडे निघालो. ब्रिटनमधलं पहिलं डार्क स्काय पार्क (रात्रीचा काळोख मुद्दाम जपलेलं रान) ते, 2009 पासूनचं, घरापासून दोन तास. ईरा स्वतःहून म्हणाली, मी येते. पंधरा वर्षांची पोर बापाबरोबर शनिवारी रात्री यायला तयार होते, तेव्हा कारण विचारू नये.

अकराच्या सुमारास खरा काळोख पडला. मध्या, साडेतीन महिन्यांनी! आकाशगंगा हंसापासून खाली तळ्यामागच्या झाडांपर्यंत. आधी सवयीने अरुंधती पाहिली. तुझी आजी म्हणायची ना, अरुंधती दिसेनाशी झाली की माणसाचं काही खरं नाही? दिसली. म्हणजे निदान दिवाळीपर्यंत आहे मी. मग शनी. यंदा कडी जवळपास आडवी, ग्रहातून दाभण आरपार घातल्यासारखी. तेल वाहिलं नाही, चहा सांडला मात्र.

मग मी ईराला भाद्रपदांचा चौकोन दाखवला आणि आपला जुना खेळ शिकवला. चार कोपरे सोडायचे आणि आत नुसत्या डोळ्यांनी किती तारे दिसतात ते मोजायचं. ती मान वर करून बराच वेळ पुटपुटत होती. म्हणाली, अकरा.

मला चार.

पुन्हा मोजले. तिरक्या नजरेने पाहिलं, डोळे मिटून उघडले, जॅकेट डोक्यावरून घेतलं. चारच. पाचवा असेल-नसेल. वेल्ह्याला मी किती मोजायचो, ते तुझ्या वहीत असेल. माझी वही अनघाच्या कुठल्याशा आवराआवरीत गेली.

"बाबा, तुला किती?"

मी म्हणालो, "अकरा."

मध्या, मी पोरीला खोटं सांगितलं. तेही ताऱ्यांच्या बाबतीत. वर आणि, "एखादा बारावाही असेल बघ," अशी शिकवणी दिली. ती खरंच बारावा शोधायला लागली.

परतताना दोन तास मला एकच रात्र आठवत होती. वेल्हे, 96 चा नोव्हेंबर, तुझ्या मामाच्या गोठ्यामागचं पटांगण. कृत्तिका. मला सहा, नान्याला सहा आणि तू म्हणालास आठ. मी तुला कागदावर आठ काढून दाखवायला लावले. तू काढलेस, मी त्यातले दोन नकाशात सापडत नाहीत म्हणून सगळ्यांसमोर तुला थापाड्या म्हणालो. पुढे महिनाभर आपण बोललो नव्हतो. दुर्बिणीचा सहा इंची आरसा अर्धवट घासून पडला होता आणि मी हट्टाने एकटाच कार्बोरंडमची पूड काचेवर रगडत बसलो. तरी पॉलिशचं डांबर वितळवायला पातेलं तुझ्याच आईचं होतं. त्याबद्दल माउलीची माफी मी अजून मागितलेली नाही.

आता विचारतो. तुला तेव्हा खरंच आठ दिसले होते का? दिसले असतील तर एकोणतीस वर्षांनी माफ कर. आणि नसतील दिसले तर जास्तच बरं, कारण मग तू का म्हणालास ते मला परवा कळलं.

आज सकाळी डोळे तपासून आलो. ते इथे फुकट असतं, हा एक गुण लिहून ठेव. पोरसवदा डॉक्टरीण म्हणाली, मोतीबिंदूची सुरुवात आहे, पिकायला वेळ आहे, गाडी चालवायला हरकत नाही. मी विचारलं, पाचव्या प्रतीचे, म्हणजे अगदी अंधुक, तारे? ती हसली. मग नीट समजावलं बिचारीने. विशीत काळोखात बाहुली सात मिलिमीटर उघडत असेल, तर पन्नाशीनंतर पाचाच्या आसपास. हिशेब मीच केला. क्षेत्रफळ निम्मं, म्हणजे उजेडही निम्मा. दोघांनी मिळून आठ महिने आरसा घासायचा, ब्लेड आणि बल्ब घेऊन रात्र-रात्र त्याची चाचणी करायची, आणि खरी काच आपली आतल्या आत धुरकटतेय!

पण मला अजून शंका आहे. (हसू नकोस.) कदाचित आकाशच बिघडलं असेल. पातळ ढग असतील. ईराने कोपरेही मोजले असतील. तरी उरले सात. बघ, मी किती खाली आलोय.

म्हणून एक काम कर. तुमचे ढग ऑक्टोबरात हटले की वेल्ह्याला जा, किंवा जिथे अजून काळोख शिल्लक असेल तिथे. रात्री चौकोन जवळजवळ डोक्यावर येईल. तू माझ्याहून चार महिन्यांनी मोठा, चष्मा तुझा जाड. मोज आणि आकडा कळव. खरा आकडा. तुलाही चार आले तर मला बरं वाटेल, हे लिहायला लाज वाटते, पण तुझ्यापाशी कसली लाज.

7 सप्टेंबरचं खग्रास चंद्रग्रहण तुला अख्खं आहे, आम्हाला फक्त उरलंसुरलं. अर्थात तुला ढगच दिसतील. शूमेकर-लेव्ही धूमकेतूच्या वेळी, 94 च्या जुलैत, गुरूवर तुकडे आदळत होते आणि आपण पर्वतीवर छत्री धरून उभे होतो, तसंच.

बाकी निखिलचं बंगळूरचं नक्की झालं का? सोसायटी पाडताहेत म्हणे, मग तुम्ही राहणार कुठे? गच्ची जाणार हे वाचून वाईट वाटलं, नव्या इमारतीत वरचा मजला माग. वहिनींच्या शाळेचं शेवटचं वर्ष ना हे? नमस्कार सांग. बुधवारी गणपती, इथे मोदक मीच करणार आहे, कळ्या पाडायला अनघा.

ईराने आज जेवताना विचारलं, "बाबा, तो बारावा नेमका कुठे होता?" मी म्हणालो, पुढच्या अमावस्येला दाखवतो. 21 सप्टेंबर. त्याच्या आत काहीतरी सुचव.

तुझा,
सुध्या

ता. क. आरसा दोन वर्षांत परत करीन म्हणून 2003 मध्ये नेला होता, ते मी विसरलेलो नाही. त्याचा मुलामा आता काळवंडलाय, नवा चढवून पाठवतो. हे मागेही म्हणालो होतो, तेही विसरलेलो नाही.