पंच होते, पिक्चर नव्हता

नौपाडा, ठाणे
रविवार

प्रिय बंड्या,

तुझा मेसेज मिळाला. 'टीव्हीवरच्या विनोदी स्किटवाल्यांचा पिक्चर कसा आहे, इथे लागलाच नाही' म्हणतोस. बेंगळुरूत लागला नाही हे तुझ्या पथ्यावरच पडलं. मोबाइलवर चार ओळी खरडून माझं समाधान होणार नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

काल घरची सगळी फौज घेऊन गेलो. आई स्वतःहून तयार झाली, यातच काय ते समज. गुडघ्यांचं निमित्त सांगून ती हल्ली लग्नकार्यंसुद्धा टाळते. पण ही मंडळी तिच्या लेखी नट नाहीतच रे, रोज रात्री जेवणाच्या वेळी घरी येणारी माणसं आहेत. मामा पडद्यावर आला (तोच, ज्याची तू मिशीसकट नक्कल करायचास) तेव्हा अख्ख्या थिएटरने टाळ्या पिटल्या. लोक हसायचं ठरवूनच आले होते. अर्ध्या तासात इकडेतिकडे मोबाइल उजळायला लागले. मध्यंतरात समोसा खाता खाता आईने विचारलं, "ही सगळी गावाला नक्की कशाला गेलीत?" मला काही सांगता येईना.

गेलीत जमिनीच्या कागदांसाठी. पण ते कागद पहिल्या वीस मिनिटांत हरवतात, ते लेखकालाही पुन्हा सापडत नाहीत. मग वाड्यात भूत निघतं, मग कुणाचं तरी लग्न, मग कीर्तन आणि शेवटी सगळे सगळ्यांच्या मागे धावतात. एकेक तुकडा आठ मिनिटांचा. टीव्हीवर प्रत्येकाला आपण पोट धरून हसलो असतो.

तू एकांकिकांना लाइट्सवर बसायचास, तुला हे माझ्याआधी कळलं असतं. स्किट समोर बसलेल्या प्रेक्षकांपुढे होतं. पंच, म्हणजे हशाचं वाक्य, पडला की नट थांबतो, हशा चढू देतो आणि तो उतरायला लागला की पुढचं वाक्य टाकतो. वर्षानुवर्षं हे अंगात मुरलेलं. पिक्चरच्या सेटवर हसणार कोण? तरी मामा प्रत्येक पंचनंतर थांबतोच. डोळे किंचित मोठे करून वाट बघतो. ती पोकळी भरायला मग पार्श्वसंगीतवाल्याने 'टुंईं' टाकलंय. दुसऱ्या तासाला त्या टुंईंचा इतका धसका बसला की मी आधीच डोळे मिटून घ्यायचो.

एक जागा तर हातची घालवली. मामा तलाठ्यासमोर सातबारा उलटा धरून गंभीरपणे वाचतोय. स्किटमध्ये काय झालं असतं? कुणी काही बोललंच नसतं. तलाठ्याने सावकाश मान वाकडी करून कागद वाचायला घेतला असता आणि दोघं एकाच चौकटीत दिसत असल्याने हशा आपोआप फुटला असता. इथे काय, आधी कागदाचा क्लोजअप, मग मामाचा, मग तलाठ्याचा, मग आमच्या हिरोचा. एका विनोदाचे चार तुकडे करून चार ताटांत वाढले. वर हिरो सांगतो, "मामा, उलटा धरलायत!"

आणि साडी! उत्तरार्धात दोघं पुरुष साडी नेसून येतात. का? नेसतात म्हणून! टीव्हीवर हे चालतं. तिथे साडी नेसलेला पुरुष आला की आपण कारण विचारत नाही. 'अशी ही बनवाबनवी' आठव. घरमालकीणबाईंना बिऱ्हाड जोडप्यांचंच हवं, पुण्यात डोक्यावर छप्पर नाही, म्हणून परश्याला आणि सुधीरला पदर घ्यावा लागतो. पुढचा प्रत्येक हशा त्या अडचणीतून येतो. मूळ कल्पना १९६६ च्या 'बीवी और मकान' या हिंदी पिक्चरची, पण लिहायला बसले वसंत सबनीस. माझं सगळं रडगाणं या एका नावाशी येऊन थांबतं बघ. दादा कोंडके काय कमी हजरजबाबी होते? 'विच्छा माझी पुरी करा' त्यांनी स्टेजवर वाटेल तसं फुलवलं. पण १९७१ मध्ये 'सोंगाड्या' करताना त्यांनी सबनीसांकडूनच गोष्ट लिहून घेतली. लक्ष्या 'टूरटूर' नाटक गाजवून 'धूमधडाका' या पिक्चरमध्ये आला, तेव्हाही त्याला उभं राहायला एक धड कथानक होतं. या बिचाऱ्यांना हातात नुसते पंच देऊन सोडलंय, 'तुम्ही आहातच, सांभाळून घ्याल' म्हणून. दोन तास कोण किती सांभाळणार?

नटांना दोष देऊ नकोस, हे मात्र बजावून सांगतो. स्किटमधली आपली मावशी एका प्रसंगात ओटीवर तांदूळ निवडत बसलीये आणि परसातला फणस विकायचा नाही एवढंच सांगते. टुंईं नाही, डोळे मोठे करणं नाही. सूप थांबतं, खडा बाजूला टाकते, परत सूप हलायला लागतं. थिएटरमध्ये एक मोबाइल पेटला नाही. आणि मग लगेच खिडकीतून भूत! मला दिग्दर्शकाची कॉलर धरावीशी वाटली.

आईचं मत विचारशील तर, "दमली असतील रे बिचारी." रात्री त्यांचाच जुना भाग लागला होता, तो तिने पूर्ण बघितला आणि मनापासून हसली.

ओटीटीवर आला की सुरुवात आणि फणसाचा प्रसंग तेवढा बघ, बाकी पळव. दिवाळीत येतोयस ना? डागडुजीनंतर गडकरी रंगायतन पुन्हा सुरू झालंय. जे नाटक लागलं असेल ते बघू. तिकिटं मी काढतो, मध्यंतरातले वडे तुझ्याकडे. तारीख नक्की कळव, शनिवार-रविवारची तिकिटं आयत्या वेळी मिळत नाहीत.

काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
नंदू