‘अनप्लग्ड’चे संग्रह काढताना दोन गाण्यांमधली हवा जपा

संपादक महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत नामवंतांच्या ‘अनप्लग्ड’ गाण्यांच्या संग्रहांवर लेख आला. या विषयावर मराठी वर्तमानपत्रात सहसा कोणी लिहीत नाही, त्यामुळे आनंद झाला. मात्र त्यात दोन समज तसेच राहिले. अनप्लग्ड म्हणजे विजेशिवायचं संगीत, हा पहिला. आणि संग्रह म्हणजे गाजलेली गाणी एकामागोमाग लावणं, हा दुसरा. ध्वनिमुद्रण आणि ध्वनिसंपादन हे आमचं रोजचं काम आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. आपल्याकडेही भावगीतांच्या, नाट्यपदांच्या, मैफलींच्या जुन्या थेट मुद्रणांचे संग्रह निघत असतात. त्या मंडळींच्या हे उपयोगी पडावं.

एमटीव्हीवर ‘अनप्लग्ड’, म्हणजे नामवंतांनी मुख्यतः अकूस्टिक वाद्यांवर श्रोत्यांसमोर गाण्याचा कार्यक्रम, १९८९ मध्ये सुरू झाला. ‘बीटल्स’च्या पॉल मॅकार्टनीने १९९१ मध्ये आपल्या प्रयोगाची स्वतंत्र तबकडी काढली. १६ जानेवारी १९९२ रोजी इंग्लंडमधल्या ब्रे स्टुडिओत गिटारवादक एरिक क्लॅप्टन वाजवायला बसला आणि त्या मुद्रणाला पुढच्या वर्षी ‘अल्बम ऑफ द इयर’चं ग्रॅमी मिळालं. १९९४ मध्ये मग अनेकांची एकेक रचना घेऊन ‘द अनप्लग्ड कलेक्शन’चा पहिला भाग निघाला. क्लॅप्टन, मॅकार्टनी, पॉल सायमन, नील यंग, एल्टन जॉन, आर.ई.एम. अशी नावं त्यात शेजारी शेजारी आहेत. मुद्रणाचा दिवस निराळा, वाद्यं निराळी, बऱ्याचदा दालनही निराळं.

आता विजेचं. मॅकार्टनीच्या चमूने वाद्यांना पिकअप (वाद्याची कंपनं विजेच्या संकेतात बदलणारा भाग) न लावता सगळा आवाज माइकमधून घेतला. १८ नोव्हेंबर १९९३ रोजी न्यूयॉर्कमध्ये निर्वाना या रॉक बँडचा प्रयोग झाला, तेव्हा त्यांचा गायक कर्ट कोबेनची मार्टिन डी-१८ई गिटार चक्क अँप्लिफायरला जोडलेली होती. तो अँप्लिफायर मॉनिटर स्पीकर (कलाकाराला स्वतःचं ऐकू यावं म्हणून रंगमंचावर ठेवतात तो) वाटावा म्हणून त्याच्यापुढे खोटं खोकं उभं केलं होतं. दोन्ही प्रयोग अनप्लग्डच म्हटले गेले आणि दोन्ही आपापल्या जागी उत्तम आहेत. पण कान देऊन ऐकलं तर गिटारचा पोत अगदी निराळा लागतो. संग्रह करणाऱ्याला हा फरक आधी ओळखता यायला हवा.

तो फरक कुठून येतो? गिटारच्या घोडीखाली पिकअप म्हणून पिएझो पट्टी, म्हणजे दाबाची वीज करणारी पट्टी, बसवतात. ती तारेचा दाब पकडते. लाकडी पोटातली हवा तिला ऐकूच येत नाही. म्हणून जोरात स्ट्रोक मारला की आवाज प्लॅस्टिकसारखा कडक, चोंदलेल्या नाकाने बोलल्यासारखा येतो. त्यात चुकीच्या जागी जोडणी केली तर आणखी वाट लागते. अशा पट्टीची धारिता (कपॅसिटन्स) साधारण १ नॅनोफॅरड धरा. ती थेट १० किलोओहमच्या लाइन इनपुटला लावली, तर सुमारे १६ किलोहर्ट्झच्या खालचं सगळं उतरत जातं, म्हणजे खर्ज जवळपास संपतोच. १ मेगाओहमला हीच सीमा १६० हर्ट्झवर येते आणि १० मेगाओहमला १६ हर्ट्झवर. पिकअप वाईट म्हणून जी तक्रार येते, तिच्यात पुष्कळदा दोष मधल्या प्रीअँपच्या, म्हणजे पट्टीला असा मोठा ओहमचा इनपुट देणाऱ्या यंत्राच्या, अभावाचा असतो. मुद्रणातच खर्ज आलेला नसेल तर नंतर इक्वलायझरने तो ओढून काढता येत नाही. वर येते ती फक्त घरघर.

माइक लावायचा तर छोट्या डायफ्रॅमचा कंडेन्सर माइक, मान आणि पोट जुळतात तिथे, म्हणजे १२ ते १४व्या फ्रेटसमोर, २० ते ३० सेंटिमीटरवर. बरेच जण तो सरळ भोकासमोर रोखतात. पोटातली हवा १०० हर्ट्झच्या आसपास घुमते, ती तिथूनच बाहेर पडते आणि प्रत्येक सुराखाली ढोल बडवल्यासारखं होतं. शिट्टीही (स्पीकरचा आवाज माइकमध्ये परत शिरून होते ती, फीडबॅक) तिथेच आधी सुरू होते. मॉनिटर कुठे ठेवायचा हे माइक कोणत्या दिशेला बहिरा आहे यावर ठरतं: कार्डिऑइड असेल तर बरोबर पाठीमागे, हायपरकार्डिऑइड असेल तर साधारण ११० अंशांवर, बाजूला. माइक बदलला आणि मॉनिटर तिथेच राहिला, की रंगमंचावर शिट्टी वाजलीच म्हणून समजा.

गाणारा स्वतःच वाजवत असेल तर आणखी एक अडचण असते. त्याचा आवाज गिटारच्या माइकमध्येही शिरतो. अंतरात अर्ध्या मीटरचा फरक असेल तर तो सुमारे दीड मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. दोन्ही माइक मिसळले की ३४० हर्ट्झच्या आसपास खड्डा पडतो आणि भरदार गळासुद्धा पोकळ वाटतो. संगणकावर एक ट्रॅक सरकवून आवाज जुळवला, तर गिटार बिघडते, कारण तीही गाण्याच्या माइकमध्ये शिरलेली असते. इलाज मुद्रणाच्या वेळीच करायचा असतो: गिटारला ‘आठ’च्या आकारात ऐकणारा, म्हणजे पुढून-मागून ऐकणारा आणि बाजूंनी बहिरा असलेला माइक लावून त्याची बहिरी बाजू गायकाच्या तोंडाकडे वळवायची.

संग्रहाकडे येऊ. इथे सगळ्यांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे टाळ्या. प्रत्येक दालनाला स्वतःची हवा असते. पुण्यातल्या सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवासारख्या मंडपातली टाळी पसरून विरते, बंद नाट्यगृहातली भिंतीवर आपटून परत येते. गाण्याच्या शेवटच्या सुरावर कात्री चालवून पुढचं गाणं चिकटवलं, तर श्रोता एका खोलीतून दुसऱ्या खोलीत फेकला जातो. आधीच्या टाळ्या ३ ते ५ सेकंद सावकाश खाली न्या, पुढच्या दालनाची कुजबूज त्याखालून वर आणा, आणि मगच पहिला सूर येऊ द्या. कुठे टाळ्या कमी पडल्या म्हणून दुसऱ्या गाण्याच्या उसन्या आणू नका. तीच शिट्टी, तोच खोकला पुन्हा ऐकू आला की कान लगेच पकडतो आणि मग खऱ्या टाळीवरचाही विश्वास उडतो.

सीडीसाठी कापताना ट्रॅकची खूण सेकंदाच्या ७५व्या भागावरच पडते, म्हणजे दर ५८८ नमुन्यांवर (नमुना म्हणजे आवाजाचं एकेक डिजिटल माप). कापलेली फाइल ५८८ च्या पटीत नसेल तर उरलेल्या जागेत शांतता भरली जाते आणि टाळ्यांच्या मधोमध ‘टक्’ येतो. एमपीथ्री करताना फाइलच्या दोन्ही टोकांना थोडी पोकळी भरली जाते, तिथेही तोच प्रकार. शिवाय आता पुष्कळ लोक गाणी क्रम मोडून ऐकतात, त्यामुळे जोडून ऐकण्याची एक आणि सुट्या गाण्यांची एक, अशा दोन प्रती करणंच बरं. कमी बिटरेटच्या फाइलमध्ये टाळ्यांचा पाऊस पाण्यात बुडाल्यासारखा सुस्कारतो. हजारो सूक्ष्म, आकस्मिक आवाज एकाच वेळी दाबणं हे त्या तंत्राला सगळ्यांत जड जाणारं काम आहे. ३२० किलोबिटच्या खाली जाऊ नये. लॉसलेस, म्हणजे काहीही न गाळणारी फाइल, देता आली तर उत्तमच.

आवाजाची पातळी मोजतानाही टाळ्याच फसवतात. ३ मिनिटांचं शांत गाणं उणे २० एलयूएफएसवर (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप; शून्याच्या जितकं जवळ तितकं मोठं) आहे आणि त्यामागे ४० सेकंद टाळ्या उणे १० वर आहेत, असं समजा. सबंध ट्रॅकचं माप येतं सुमारे उणे १६. संपादक ते उणे १४ वर आणायला म्हणून सगळं २ डेसिबलने उचलतो आणि गाणं उणे १८ वरच राहतं. शेजारच्या, टाळ्या नसलेल्या गाण्यापुढे ते ४ डेसिबलने दबलेलं लागतं आणि श्रोता बटण फिरवत बसतो. माप फक्त गाण्याचं घ्या, टाळ्या हाताने २-३ डेसिबल खाली घ्या, आणि शेवटचा निर्णय गळ्यावर करा: एका गाण्यातला आवाज पुढच्या गाण्यातल्या आवाजाशी समोरासमोर बसून बोलतोय असं वाटलं पाहिजे. लिमिटर (ठरावीक पातळीवरचा आवाज दाबणारं साधन) लावून सगळं सारखं ठोकून काढलं तर थेट प्रयोग आणि स्टुडिओतलं गाणं यात फरक उरत नाही.

आपल्या मैफलींच्या बाबतीत एक चूक इतकी सर्रास होते की ती ऐकून जीव कळवळतो. जुन्या कॅसेटमधली खरखर काढायला आज्ञावलीला गोंगाटाचा नमुना द्यावा लागतो, आणि तो सहसा गाणं सुरू होण्यापूर्वीच्या ‘शांत’ जागेतून घेतात. मैफलीत ती जागा शांत नसते. तिथे तानपुरे लागलेले असतात. आज्ञावली तानपुऱ्यालाच गोंगाट समजते आणि सबंध दोन तास जवारी, म्हणजे तारांचा तो भरलेला झंकार, खरवडून काढते. उरतो तो निराधार गळा. षड्ज लागतो, पण त्याच्याखालची जमीन गेलेली असते. नमुना टेपच्या कोऱ्या भागातूनच घ्यावा. तो नसेल तर खरखर राहू द्यावी. कान तिला पाच मिनिटांत विसरतो, गेलेली जवारी मात्र परत येत नाही.

टेप संगणकावर उतरवताना आधी टेप वाचणाऱ्या हेडचा कोन जुळवा. दोन्ही वाहिन्या एकत्र करून ऐका आणि तारस्वर सगळ्यांत उजळ लागेल तिथे स्क्रू थांबवा. मुद्रण २४ बिट, ९६ किलोहर्ट्झवर घ्या. वेग तपासायला टेपवर उमटलेला विजेचा ५० हर्ट्झचा गुणगुणाट कामी येतो, पण त्यावर डोळे झाकून विसंबू नका. पूर्वी आपल्याकडे विजेची वारंवारता खूप खालीवर व्हायची. ती ४९ असताना झालेलं मुद्रण ५० वर ओढलं तर गायकाची पट्टी सुमारे ३५ सेंटने, म्हणजे अर्ध्या स्वराच्या तिसऱ्या हिश्श्याने चढते. त्या गायकाची नेहमीची पट्टी कोणती होती हे जाणकाराला विचारून ताडून घ्यावं.

पट्टीचा विचार क्रम लावतानाही करायला हवा. पांढरी एकची मैफल संपल्या संपल्या काळी एक सुरू झाली तर नवा षड्ज बेसूर वाटतो, कारण जुना तानपुरा कानात असतो. मध्ये ६ ते ८ सेकंद निव्वळ टाळ्या ठेवाव्यात. दोन पट्ट्यांचे तानपुरे एकमेकांत मिसळून तर कधीच जोडू नयेत. बंदिश लांब आहे म्हणून आलाप छाटण्यापेक्षा एक बंदिश कमी घ्यावी.

शेवटी श्रेयनामावली आणि परवानगी. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात प्रयोग सादर करणाऱ्याचा हक्क ५० वर्षं टिकतो, आणि वादकही त्यात मोडतात. तबल्याची, हार्मोनियमची, सारंगीची साथ करणाऱ्यांचा त्यावर हक्क आहे. २०१२ च्या दुरुस्तीने व्यावसायिक वापरातल्या स्वामित्वधनाची तरतूदही झाली. तरी वेष्टनावर नाव असतं ते फक्त मुख्य गायकाचं. प्रत्येक रचनेपुढे तारीख, स्थळ, राग आणि ताल, पट्टी, सर्व साथीदार, तानपुऱ्यावर कोण होतं, मूळ मुद्रण कोणी आणि कशावर केलं, कुठे काटछाट केली, एवढं छापायला एक पान पुरतं. आपल्या वृत्तपत्रात नव्या संग्रहांचं परीक्षण येतं, तेव्हा परीक्षकांनी हे पान आहे की नाही याची नोंद जरूर करावी, आणि नसेल तर प्रकाशकाकडे ते मागावं, ही विनंती.

आपले,
ध्वनिमुद्रण आणि ध्वनिसंपादन करणारे काही वाचक,
पुणे