नवा कॉलम कोणी जोडावा?

पुणे

प्रिय मित्रा,

स. न. वि. वि.

तुझे पत्र मिळाले. प्रयोगशाळेचे निकाल आणि रुग्णनोंदणीचे संदेश आता तुझ्या हातून डेटाबेसमध्ये उतरणार आहेत आणि संदेशात नवे फील्ड दिसताच टेबलात नवा कॉलम आपोआप जोडला जावा, असा तुझा बेत आहे. बेत मला पटला. पण त्याची हद्द कुठे आखावी हे तुला आत्ताच लिहितो, कारण ती न आखल्यामुळे माझ्या हातून चूक झाली आहे.

एचएल७ हे रुग्णालये आणि प्रयोगशाळा यांच्यात माहिती पाठवण्याचे प्रमाण. त्याच्या दुसऱ्या आवृत्तीचे संदेश ठरावीक स्कीमात, म्हणजे टेबलांच्या ठरलेल्या आराखड्यात, बसत नाहीत, यात पाठवणाऱ्याचा दोष नसतो. १९८७ साली स्थापन झालेल्या, त्याच नावाच्या संस्थेने ही मोकळीक प्रमाणातच ठेवली आहे: बरीचशी फील्ड ऐच्छिक आहेत, काही एकाहून अधिक वेळा येऊ शकतात आणि ‘झेड’ने सुरू होणारा सेगमेंट (संदेशातली एक ओळ) तर ज्याने त्याने आपल्या गरजेप्रमाणे रचायचा असतो. त्यामुळे जिथून वर्षभर पीआयडी या रुग्णाची ओळख सांगणाऱ्या सेगमेंटमध्ये त्याचा एकच ओळखक्रमांक येत होता, तिथून एखाद्या सकाळी ‘~’ने जोडलेले दोन येतात आणि त्यांच्यासाठी वेगळे टेबल करावे लागते. असे टेबल उघडणे, कॉलम जोडणे, अपुरी पडलेली लांबी वाढवणे ही कामे प्रोग्रामने खुशाल करावीत. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये ती ट्रान्झॅक्शनच्या आत, म्हणजे सगळी एकदम किंवा एकही नाही अशी, होतात, म्हणून मध्येच काही बिघडले तर सारे पूर्ववत होते. फक्त कॉलम जोडताना टेबलावर पूर्ण लॉक लागतो, तेवढा वेळ दुसऱ्या कुणाला ते वाचता-लिहिता येत नाही, तेव्हा लॉकसाठी किती वेळ थांबायचे याची मर्यादा घालून ठेव.

आता माझी चूक. तपासणीचा निकाल ओबीएक्स नावाच्या सेगमेंटच्या पाचव्या फील्डात येतो. पहिल्या काही हजार संदेशांवरून मी त्याचा प्रकार ‘संख्या’ ठरू दिला आणि जे संख्येत बदलता येणार नाही त्याची जागा रिकामी ठेवण्याची सूचना इम्पोर्टरला, म्हणजे संदेश डेटाबेसमध्ये उतरवणाऱ्या प्रोग्रामला, दिली. पुढे एका रुग्णाच्या टीएसएच या थायरॉइडच्या तपासणीचा निकाल ‘<०.०१’, म्हणजे ०.०१पेक्षा कमी, असा आला. थायरॉइड अतिसक्रिय असल्याची शंका घ्यावी असा तो निकाल, पण आमच्या पडद्यावर तिथे कोरी जागा होती, जणू तपासणी झालीच नव्हती. डॉक्टरांनी प्रयोगशाळेत फोन केला म्हणून ते उघडकीस आले. वास्तविक मूल्याचा प्रकार त्याच ओबीएक्सच्या दुसऱ्या फील्डात लिहिलेला असतो. तो वाचायचे सोडून मी अंदाजावर विसंबलो, याची रुखरुख अजून आहे.

रिकाम्या जागेबाबत आणखी एक गोष्ट. दोन ‘|’ चिन्हांमध्ये काहीच नसेल, तर त्या बाबतीत पाठवणाऱ्याला काही सांगायचे नाही, जुनी नोंद तशीच राहू द्यावी. तिथे "" असेल, तर जुनी नोंद पुसावी. दोन्हींना एकच समजलास तर रुग्णाचा चालू फोन नंबर पुसला जाईल किंवा रद्द केलेला तसाच राहील. ओळखक्रमांक मात्र कितीही संख्येसारखा दिसला तरी मजकूर म्हणूनच ठेव, नाहीतर सुरुवातीची शून्ये जातात आणि ‘००४५१२’ व ‘४५१२’ हे दोन रुग्ण एकच होऊन बसतात.

म्हणून कॉलमचा प्रकार अरुंद करणे, कॉलम काढून टाकणे किंवा दोन कॉलम एकत्र करणे, यांतले काहीही प्रोग्रामवर सोपवू नकोस. मूळ संदेश जसाच्या तसा वेगळ्या टेबलात जपून ठेव. माझे हरवलेले निकाल त्यातूनच परत मिळाले. आपोआप जोडलेल्या प्रत्येक कॉलमसमोर तो कोणत्या संदेशामुळे आला याची नोंद असू दे, आणि प्रयोगशाळेतल्या जाणत्या माणसाने अर्थ सांगेपर्यंत तो कोणत्याही अहवालात जाऊ देऊ नकोस.

तुझ्याकडच्या झेड सेगमेंटचे चार-दोन नमुने, रुग्णांची नावे आणि क्रमांक काढून, पाठवून दे. रविवारी सवडीने बघतो.

तुझा,
जुना सोबती