जवसाचे तेल धुवायला शिकवणाऱ्या घाणीवाल्या काकाजींना

आदरणीय काकाजींना सविनय नमस्कार.

आपल्याला चष्मा लावूनही बारीक अक्षर वाचता येत नाही, म्हणून हे पत्र आपल्या नातीने वाचून दाखवावे अशी तिला विनंती केली आहे. तोंडी आभार मानायला गेले की आपण चहा मागवता आणि विषय पावसापाण्याकडे नेता, त्यामुळे या वेळी लिहूनच पाठवते आहे.

मागच्या उन्हाळ्यात मी पिशवीभर जवस घेऊन आपल्या घाणीवर आले, तेव्हा आपण प्रथम हेच विचारले होते की एवढ्या तेलाचे करणार काय, कारण चटणीपुरते जवस गावात सगळ्यांच्याच घरी असतात आणि त्याचे तेल आताशा कोणी मागत नाही. चित्राचे रंग घोटायचे आहेत, असे मी सांगितले आणि आपण हसाल असे मला वाटले. आपण हसला नाहीत. पूर्वी बैलगाडीच्या लाकडाला आणि दाराच्या चौकटींना हेच तेल चोळत, ते लाकडात मुरून वाळते, खोबऱ्याचे तेल मात्र वर्षभर तसेच ओले राहते, हे आपण सांगितले आणि माझ्या पुस्तकातले अर्धे प्रकरण तिथेच संपले. जवसाच्या तेलात लिनोलेनिक आम्लाचा, म्हणजे तेल वाळवणाऱ्या स्निग्धाम्लाचा, वाटा निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून जास्त असतो. ते हवेतला प्राणवायू ओढून घेते, त्याचे रेणू एकमेकांत गुंततात आणि पातळ थराची चिवट कातडी होते. पाणी उडून कपडा वाळतो तसे हे वाळणे नव्हे, हे मला पुस्तकातून कळले होते. ते गाडीच्या जुवावर दिसते, हे आपल्याकडून कळले.

त्याआधी मी एका हार्डवेअरच्या दुकानातून आणलेले ‘डबल बॉइल्ड’ जवसाचे तेल वापरून पाहिले होते. दारांसाठी ते ठीक असेल, पण त्यात लवकर सुकण्यासाठी धातूंचे क्षार घातलेले असतात. माझ्या चित्रात वरचा थर आधी आकसला, आतला ओलाच राहिला आणि आजीच्या चेहऱ्यावर तिच्या वयाला शोभतील त्याहून जास्त सुरकुत्या पडल्या. शहरातून मागवलेली चित्रकारांच्या तेलाची लहान बाटली महिनाभरही पुरत नव्हती. म्हणून घाणीची वाट धरली.

आपण केलेल्या पहिल्या उपकाराचे महत्त्व मला फार उशिरा समजले. नुकत्याच मळणी झालेल्या जवसाचे तेल काढायला आपण नकार दिलात आणि आपल्या कोठीतले मागच्या हंगामाचे जवस बदलून दिलेत. नवीन दाण्याचे तेल गढूळ निघते, त्यात चीक जास्त येतो, हे आपले म्हणणे होते. घाणीत पाण्याचा हबकाही आपण अगदी जपून मारलात, कारण जवसाच्या सालीला पाणी लागले की ती बुळबुळीत होते. पाच किलोमागे जेमतेम दीड लिटर तेल आले आणि मजुरी म्हणून आपण फक्त ढेप, म्हणजे तेल काढून उरलेली पेंड, ठेवून घेतलीत.

तेल आठ दिवस निवू दिले, गाद खाली बसली, तरी ते स्वच्छ झाले नव्हते. तेलात विरघळून राहिलेला चीक आणि लेसिथिनसारखे चिकट स्निग्ध पदार्थ नुसत्या गाळणीने जात नाहीत. ते पाणी पिऊन फुगतात, जड होतात आणि मगच खाली उतरतात. म्हणून एक लिटर तेलात तेवढेच कोमट पाणी, चमचाभर मीठ आणि वैनगंगेची दोन मुठी बारीक, सात पाण्यांनी धुतलेली वाळू घालून मी बरणी हलवली. इथे माझी चूक झाली. हलवली म्हणण्यापेक्षा घुसळली म्हणावे लागेल, कारण दहा मिनिटांत बरणीत पांढराफटक द्राव तयार झाला आणि दुसऱ्या दिवशीही त्यात तेल कुठे आणि पाणी कुठे ते दिसेना. ती बरणी घेऊन मी आपल्याकडे आले तेव्हा ओतून टाकण्याच्या बेतात होते. आपण ती उजेडात धरलीत आणि म्हणालात, “हे तं ताक झालं मॅडम. आता हालवू नका, मूठभर मीठ टाका अन् उनात ठेवा.”

चौथ्या दिवशी संध्याकाळी बरणीत चार थर उभे होते: तळाला वाळू, तिच्यावर दुधाळ पाणी, मग बोटभर मळकट चीक आणि सर्वांत वर पिवळेधमक तेल. एवढ्या साध्या गोष्टीने मला जो आनंद झाला तो इथे लिहायला संकोच वाटतो.

पुढचे धुणे आपण सांगितले तसे केले: बरणी आडवी धरून हळू लोळवायची, फेस येऊ द्यायचा नाही. तीन वेळा मीठ-वाळूने, नंतर पाणी नितळ येईपर्यंत साध्या पाण्याने. वरचे तेल काढायला आपण सुचवलेली सलाईनची नवी नळी उत्तम चालली. मी आधी पळीने काढत होते आणि दर वेळी चीक पुन्हा ढवळला जात होता. शेवटी थेंबभर तेल गरम तव्यावर टाकून पाहायचे, फोडणीसारखे तडतडले तर पाणी शिल्लक आहे, ही आपली परीक्षा कोणत्याही पुस्तकातल्या परीक्षेइतकीच खरी ठरली. तडतड थांबेपर्यंत ते मी मे महिन्याच्या उन्हात उथळ ताटात, वर पातळ फडके बांधून ठेवले. लिटरमागे साधारण आठशे मिलिलिटर हाती आले.

मग काचेच्या एकाच पट्टीवर न धुतलेले आणि धुतलेले तेल शेजारी शेजारी पसरले. धुतलेल्याला चौथ्या दिवशी कातडी आली. न धुतलेले नवव्या दिवशीही बोटाला चिकटत होते. धुतलेल्या तेलात पांढरा रंग श्रीखंडाइतका घट्ट घोटला. त्याचा एक नमुना कपाटात ठेवला तो महिन्याभरात पिवळट पडला, पण खिडकीत आणल्यावर बराचसा निवळला. गेरू मात्र तेल फार पितो, त्याचा हिशेब अजून बसलेला नाही.

चिंध्यांबद्दलची ताकीद मी शाळेतल्या मुलांनाही दिली आहे. या तेलाच्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात पडून राहिला की वाळताना आतल्या आत तापतो आणि आपोआप पेट घेऊ शकतो. आपल्या घाणीच्या छपराचा कोपरा असाच जळाला होता, हे आपण सांगितले नसते तर माझ्या चिंध्या आजही पलंगाखाली असत्या. आता त्या पाण्याच्या डब्यात जातात.

आपले घाणीवर बसलेले चित्र पूर्ण झाले आहे. ते हाताला सुकले आहे, पण आतून सुकायला अजून काही महिने लागतील, म्हणून दिवाळीनंतर आणीन. तोपर्यंत या वर्षीच्या जवसातले दहा किलो माझ्या नावाने कोठीत जुने होऊ द्यावेत, आणि या वेळी ढेपेशिवाय मजुरीही घ्यावी, ही विनंती.

आपली कृतज्ञ,
चित्रकलेच्या मॅडम
तालुका पवनी, जिल्हा भंडारा